अक्रोड झोडून झाल्यावर

अक्रोड झोडून झाले की मी पत्रं लिहायला बसते.
त्याआधी हात रिकामे नसतात
आणि नंतर ते काळे असतात.
हिरव्या सालीचा डाग साबणाला दाद देत नाही,
बर्फ पडेपर्यंत बोटांवर मुक्कामाला राहतो.
त्यामुळे प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात
माझा अंगठा आपोआप उमटतो.
त्सियाला म्हणते, लामारा, तुला सहीची गरजच नाही.

ओनीत सध्या रिओनीवरचं धुकं
उशिरा उठतं, घरजावयासारखं.
पिवळा रंग डोंगर उतरत येतोय,
रोज एक-दोन कुंपणं ओलांडून.
शेजारी द्राक्षं तुडवून झाली, चोथ्यावर
गांधीलमाश्या झिंगून पडल्यात.
हे सगळं मी तिघींनाही लिहिते, त्याच शब्दांत.
नवीन शब्द आणायचे कुठून दर वर्षी?

कुताइसीच्या नर्सिंग शाळेत आम्ही चौघी होतो
आणि ओव्हरकोट एक.
जिची रात्रपाळी, तिच्या अंगावर कोट.

एतेरी तर पुलापलीकडेच राहते.
तिलाही लिहिते, तिकीट लावून.
समोरासमोर आम्ही फक्त
ब्लडप्रेशरबद्दल बोलतो.

नाझिब्रोलाचं पत्र अवघड.
ती लग्न करून रोस्तोवला गेली, तिकडचीच झाली.
त्या ऑगस्टात तिने फोनवर विचारलं,
"खरंच बाँब पडले गं तुमच्याकडे,
की टीव्हीवाले उगाच?"
मी पत्र्यांच्या भोकांतून आत आलेलं ऊन बघत होते.
फोन ठेवून दिला.
तेव्हापासून तिला दर वर्षी तीनच ओळी:
हवा कशी आहे. अक्रोड किती झाले.
कोट अजून माझ्याकडे आहे.
उत्तर नाही. सोळा वर्षं नाही.
गेल्या वर्षी एक पाकीट आलं, आत चिठ्ठीसुद्धा नव्हती,
एक बटण होतं.
शिंगाचं, तपकिरी, चार भोकांचं.
वसतिगृहाच्या जिन्यावर हरवलं म्हणून
आम्ही मेणबत्ती घेऊन शोधलं होतं, तिनेही.

बटण मी अजून लावलेलं नाही.
या वर्षीही तीनच ओळी लिहिल्या.
चौथी लिहिली होती, खोडली. खोडलेली तशीच राहू दिली,
उजेडासमोर धरली तर तिला वाचता येईल.

आता राहिली त्सियाला, बारी शहरात,
लोकांच्या म्हाताऱ्या सांभाळते.
सध्याची एक्क्याण्णव वर्षांची, नाव आसुंता.
माझी पत्रं ती आसुंताबाईंना वाचून दाखवते,
एकेक वाक्य इटालियनमध्ये करत.
मला हे माहीतच नव्हतं.
दोन वर्षांपूर्वी तिच्या पत्राखाली
थरथरत्या अक्षरात एक ओळ आली
आणि तिच्याखाली त्सियालाने केलेला तिचा अर्थ:
"गाय कशी आहे?"

कपाळावर चांदकं असलेली माझी नीशा.
मी लिहिलं, बरी आहे.
तेव्हा ती खरंच बरी होती.
मार्चमध्ये गुडघ्याच्या औषधांसाठी विकली.
दोर सोडताना तिने मागे वळून पाहिलं नाही,
गायी काय, वळतातच असं नाही.
आणि जूनमध्ये त्सियालाचं पत्र:
बाई आता मुलालाही ओळखत नाहीत,
पण सकाळी उठल्या की विचारतात,
"ती डोंगरातली गाय, व्याली का?"

वर्गात खोटं बोलले तर आई
जिभेवर मीठ ठेवायची.
मीठ आठवतंय. तरी लिहिते:

आसुंताबाई,
मंगळवारी पहाटे, धुकं असताना, नीशा व्याली.
कालवड आहे. कपाळावर आईसारखंच चांदकं.
उभी राहायला वेळ लागला तिला,
पाय चारही दिशांना जात होते,
मी पोटाखाली हात घालून धरलं.
पहिलं दूध पिवळंधमक होतं.
नाव अजून ठेवलेलं नाही.
तुम्हीच सुचवा.

पाकीट चिकटवलं. जिभेला डिंकाची चव.
पोस्ट उद्या उघडेल.
गोठ्यात, दावणीच्या जागी,
अक्रोड वाळत पडलेत.
मधूनच जाऊन हाताने परतावे लागतात.